छातीतली धडधड: कोलकात्यातील एका लक्षणाचा इतिहास

प्रस्तुत पाठात आपण एखाद्या रोगाचा नव्हे, तर एका लक्षणाचा इतिहास पाहणार आहोत. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत अचानक धडधड सुरू होते, हाताला घाम सुटतो, श्वास पुरत नाही असे वाटते, आणि 'हा हार्ट अटॅक तर नाही?' हा विचार मनात येताच धडधड आणखी वाढते. अनेक विद्यार्थ्यांनी हे अनुभवलेले असते. दवाखान्यात ईसीजी काढला जातो, तो ठीक निघतो, आणि डॉक्टर म्हणतात, ''काही नाही, टेन्शनमुळे होते.'' घरी परतताना त्या मुलाला किंवा मुलीला दोन गोष्टी एकदम वाटतात: सुटकेचा निःश्वास, आणि आपले म्हणणे खरे मानले गेले नाही ही टोचणी. 'काही नाही' आणि 'टेन्शनमुळे' ही दोन वाक्ये एकच आहेत का? वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलले आहे. हा बदल पाहण्यासाठी कोलकाता ही सोयीची जागा आहे, कारण या एका शहरात सुमारे पन्नास वर्षांच्या काळात हृदय, मन, स्वयंपाकघरातले तेल आणि वनौषधी अशा चार वेगळ्या दिशांनी या लक्षणाकडे पाहिले गेले.

शब्द

बंगालीत रुग्ण म्हणतो, 'बुक धडफड करछे'. यातला 'बुक' म्हणजे छाती. मराठीत आपण 'छातीत धडधडते' म्हणतो. दोन्ही शब्द नादावरून आलेले आहेत, आणि दोन्हींत दोष कोणाचा हे सांगितलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, विसाव्या अध्यायात वाताच्या ८० विकारांची यादी आहे. तीत 'हृद्द्रव' हा शब्द येतो. त्याचा अर्थ हृदयाची धडधड. त्याच यादीत झोप न लागणे आणि चित्त अस्थिर होणे हेही विकार आहेत. म्हणजे जुन्या वैद्याला हृदयाचे आणि मनाचे लक्षण एका ओळीत मांडताना अडचण वाटत नव्हती. यावरून त्यांना आजचे विज्ञान ठाऊक होते असा निष्कर्ष काढू नये. त्यांची वर्गवारीच वेगळी होती, एवढेच लक्षात घ्यावे.

हृदय एका बाजूला आणि मन दुसऱ्या बाजूला ही वाटणी पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकातील रुग्णालयीन वैद्यकात. मृतदेह उघडून पाहिल्यावर हृदयाच्या झडपेत किंवा स्नायूत दोष दिसला तर रोग 'खरा', न दिसला तर तो 'कार्यात्मक'. या 'कार्यात्मक' शब्दात पुढे बराच तिरस्कार साठत गेला.

सैनिकाचे हृदय

कोलकात्याकडे वळण्यापूर्वी एक वळसा घ्यावा लागेल, कारण तिथल्या डॉक्टरांची पाठ्यपुस्तके बाहेरून येत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियातील डॉक्टर जेकब मेंडिस द कोस्टा यांच्यासमोर शेकडो तरुण सैनिक आले. धडधड, छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे या त्यांच्या तक्रारी होत्या, पण हृदयात दोष सापडत नव्हता. १८७१ साली त्यांनी यावर निबंध लिहिला आणि या अवस्थेला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असे रुग्ण इतके वाढले की 'डी.ए.एच.' अशी आद्याक्षरेच रूढ झाली. अर्थ एवढाच, की हृदयाचे काम बिघडले आहे. आधी त्यांना महिनोन् महिने खाटेवर झोपवून ठेवत. लंडनचे हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी उलटा मार्ग धरला आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम दिला. पुष्कळ सैनिक सावरले. ''तुझे हृदय कमजोर आहे, हलू नकोस'' हा सल्लाच काही प्रमाणात माणसाला आजारी ठेवत होता, हे त्यातून दिसले. १९४१ साली पॉल वुड यांनी लंडनमधील व्याख्यानांत आणखी पुढचे पाऊल टाकले. या लक्षणांचे मूळ हृदयात नसून भीतीत आहे, असे त्यांनी मांडले.

दरम्यान शरीरशास्त्राने दुवा पुरवला होता. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या पुस्तकात दाखवले की भीती किंवा राग येताच अॅड्रिनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्त स्नायूंकडे वळते. शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. वाघ समोर असेल तर ही तयारी उपयोगी पडते. परीक्षागृहातल्या बाकावर बसलेल्या माणसाला मात्र पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. जे शिल्लक राहते ती धडधड.

हवेची सबब

ब्रिटिशकालीन कोलकात्यात या लक्षणाला आणखी एक नाव होते: उष्ण कटिबंधातील मज्जादौर्बल्य. युरोपीय अधिकारी किंवा त्याची पत्नी थकवा, अनिद्रा, धडधड यांनी बेजार झाली की दोष बंगालच्या उकाड्याला दिला जाई आणि दार्जिलिंग किंवा विलायत हा उपाय सांगितला जाई. याच शहरातला बंगाली कारकून तीच लक्षणे घेऊन आला तर काय? तेव्हा हवा नव्हे, त्याचा स्वभाव दोषी ठरे. मॅकॉलेपासून चालत आलेली 'दुबळा बंगाली' ही प्रतिमा वैद्यकाच्या भाषेतही झिरपलेली होती. एकाच नाडीची दोन निदाने, आणि फरक त्वचेच्या रंगाचा. निदान हे नेहमी फक्त शरीराचे वाचन असते असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

मोहरीचे तेल

आता या इतिहासातली सर्वांत सावध करणारी गोष्ट. १८७७ साली कोलकात्यात एक विचित्र साथ नोंदली गेली. दोन्ही पायांवर सूज, दम लागणे, नाडी वेगाने चालणे, छातीत धडधड. काहींचे हृदय निकामी होई, काहींच्या डोळ्यांत काचबिंदू होई. हिला 'एपिडेमिक ड्रॉप्सी', म्हणजे साथीची सूज, असे नाव मिळाले. पुढची काही दशके ती परत परत येत राहिली. कोणी तिला बेरीबेरी समजले, कोणी खराब तांदळाला दोष दिला, कोणी जंतू शोधले. एकाच घरातली बरीच माणसे आजारी पडत, शेजारचे घर मात्र सुखरूप राहत असे.

१९२६ साली एस. एल. सरकार यांनी बोट ठेवले ते मोहरीच्या तेलावर. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचे बी मिसळलेले असते, असे त्यांनी म्हटले. हे काटेरी, पिवळ्या फुलांचे तण महाराष्ट्रातही पडीक रानात आणि रस्त्याकडेला सर्वत्र दिसते. बंगालीत त्याला शियालकाँटा म्हणतात. त्याचे बारीक काळे बी मोहरीत सहज खपून जाते. कोलकात्यातील ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या १९३२ साली सुरू झालेल्या संस्थेत आर. बी. लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ पासून पद्धतशीर काम केले आणि या तेलाचा दोष सिद्ध केला. हा आजार इतिहासजमा झालेला नाही. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने याच आजाराची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले.

मानसिक ताणाच्या पाठात तेलाची गोष्ट कशाला, असा प्रश्न पडेल. समजा १९२० च्या सुमारास एखादी बंगाली गृहिणी डॉक्टरांकडे जाऊन 'बुक धडफड करते' म्हणाली. तिच्या पायांकडे न पाहता तिला 'नाजूक मनाची' ठरवणे ही तिच्या जिवाशी गाठ होती. 'मनामुळे' हे निदान शरीर तपासून झाल्यावर करायचे असते. तपासणी टाळण्यासाठी ते वापरता येत नाही. माझ्या मते या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेने शिकवला.

पारशीबागान लेन, क्रमांक १४

शरीर तपासून झाले, दोष सापडला नाही. मग पुढे काय? कोलकात्यात या प्रश्नाचे गांभीर्याने उत्तर देऊ पाहणारा माणूस म्हणजे गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३). त्यांनी १९१० साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एम.बी. पदवी घेतली. म्हणजे ते आधी डॉक्टर होते आणि मग मनाकडे वळले. विद्यार्थिदशेपासून त्यांना संमोहनाचा नाद होता. मज्जाविकृतीच्या रुग्णांना ते आधी संमोहनाने आणि नंतर बोलण्यातून तपासू लागले. फ्रॉइडचे लेखन त्या काळी भारतात अगदी थोडे पोहोचले होते, त्यामुळे बोस यांच्या पुष्कळ कल्पना स्वतंत्रपणे आकाराला आल्या. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला होता. तिथे ते शिकले आणि शिकवूही लागले. १९२१ साली दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचे पुस्तक त्यांनी व्हिएन्नाला पाठवले, फ्रॉइड यांनी उत्तर दिले, आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षे चालला. भेट मात्र कधीच झाली नाही. १९२२ साली बोस यांच्या घरी, १४ पारशीबागान लेन येथे, भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली.

आपल्या लक्षणाशी याचा संबंध फ्रॉइडच्या एका जुन्या निबंधातून लागतो. १८९५ साली त्यांनी 'मज्जादौर्बल्य' नावाच्या अवाढव्य गाठोड्यातून चिंतेचा विकार वेगळा काढला. त्याच्या लक्षणांत हृदयाची धडधड अगदी वर आहे. शिवाय त्यांचे एक निरीक्षण फार उपयोगी आहे: चिंतेचा झटका भीतीच्या जाणिवेशिवायही येऊ शकतो, केवळ धडधड किंवा धाप या रूपात. म्हणून ''मला कसलेच टेन्शन नाही, तरी धडधडते'' असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. (आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, फ्रॉइड स्वतः हृदयाच्या अनियमित ठोक्यांनी हैराण होते. त्यांचे मित्र फ्लीस सिगार सोडा म्हणून मागे लागले होते. सिगार काही सुटली नाही.)

बोस यांची स्वतःची मांडणी विरुद्ध इच्छांची होती. प्रत्येक इच्छेसोबत तिच्या उलट इच्छाही मनात असते, आणि त्यातली एक दाबली गेली की त्रास सुरू होतो, असे ते मानत. उपचारात ते रुग्णाला दोन्ही बाजूंच्या जागी आळीपाळीने स्वतःची कल्पना करायला लावत. ही मांडणी आज जशीच्या तशी कोणी वापरत नाही, आणि फ्रॉइडनाही ती पूर्णपणे पटली नव्हती. तरीही इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी टिकाऊ ठरतात. एक, तक्रार ऐकून घेणे हाच उपचाराचा भाग झाला. दुसरी, मनाचे हे शास्त्र बंगालीत बोलले आणि लिहिले गेले. बोस यांनी स्वप्नांवर बंगालीत पुस्तक लिहिले. आपल्या भीतीचे वर्णन माणूस ज्या भाषेत करतो त्याच भाषेत समोरच्याने प्रश्न विचारावा, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. खाजगी मनोविश्लेषणाला वेळ लागतो आणि पैसाही. त्यामुळे त्या खोलीत येणारे बहुतेक शिकलेले, मध्यमवर्गीय भद्रलोकच होते. म्हणूनच मला १९२२ पेक्षा १९३३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मे महिन्यात कोलकात्याच्या कार्मायकेल मेडिकल कॉलेजात (आजचे आर. जी. कर) बोस यांनी मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. भारतात सर्वसाधारण रुग्णालयातील असा हा पहिला विभाग मानला जातो. मुंबईत जे. जे. रुग्णालयात असा विभाग १९३८ साली निघाला. तोपर्यंत मनाचा दवाखाना म्हणजे उंच भिंतींचे वेड्यांचे इस्पितळ, रांचीसारखे दूरचे. धडधड आणि अनिद्रा घेऊन तिथे कोण जाईल? आता तोच माणूस ताप-खोकल्याच्या रांगेशेजारच्या रांगेत उभा राहू शकत होता. पुढे १९४० साली तिलजला भागात लुंबिनी पार्क हे मानसिक रुग्णालय उभे राहिले. त्यासाठी जागा दिली गिरींद्रशेखरांचे थोरले बंधू राजशेखर बोस यांनी. 'परशुराम' या नावाने विनोदी कथा लिहिणारे ते हेच.

सर्पगंधेचे मूळ

याच शहरात, याच दशकात, तिसरी वाट निघाली. कविराज गणनाथ सेन हे आयुर्वेदाचे नामांकित पंडित, आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजचे पदवीधरही. १९३१ साली त्यांनी डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्यासोबत एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यात सर्पगंधेच्या मुळाची पूड उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे म्हटले होते. बिहारकडे हे मूळ 'पागल की दवा' म्हणून बाजारात मिळतच असे. शीर्षकातच मन आणि रक्ताभिसरण शेजारी बसवणे, हे त्या काळी धाडसाचे होते. १९३३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी या वनस्पतीतील अल्कलॉइडचे प्राण्यांवरील परिणाम तपासले. इकडे दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ सालीच तिच्यातून काही अल्कलॉइड वेगळे केले होते. त्यांपैकी 'अजमलिन' (हकीम अजमल खान यांच्या नावावरून) आज हृदयाच्या विद्युतप्रवाहातील एक जन्मजात दोष ओळखण्याच्या चाचणीत वापरतात.

पुढचा टप्पा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष सर्पगंधेकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पाश्चात्त्य डॉक्टरांच्या लक्षात आले की या औषधाने रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते आणि माणूस शांतही होतो. कारण नंतर उलगडले. मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेली नॉरअॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रेसर्पिन रिकामी करते, मग तो तंतू हृदयाकडे जाणारा असो की मेंदूतला. पण तिथेच धोकाही होता. काही रुग्णांना खोल नैराश्य आले, आणि औषधाचा वापर मागे पडत गेला. 'नैसर्गिक' म्हणून सर्पगंधा स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी हा भाग वगळून वाचू नये.

नंतरचे थोडेसे

१९४८ साली कोलकात्यात कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि हृदयाचे शास्त्र आपल्या वाटेने वेगळे झाले. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल आले. ते अॅड्रिनलिनचा हृदयावरील परिणाम अडवते. १९६६ साली लंडनमधील एका चाचणीत चिंताग्रस्त रुग्णांची धडधड त्याने कमी झाली. मनातली काळजी मात्र तितकी हटली नाही. (दमा असलेल्याला हे औषध घातक ठरू शकते. मित्राच्या डब्यातली गोळी परीक्षेआधी घेण्याची पद्धत वसतिगृहांत असते, म्हणून हा कंस.) १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 'पॅनिक' हा स्वतंत्र विकार झाला. १९८६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी त्याचे चक्र मांडले: ठोका चुकल्यासारखा वाटतो, मन म्हणते 'मी मरतो आहे', त्या भीतीने अॅड्रिनलिन वाढते, धडधड वाढते, आणि मनाला पुरावा मिळाल्यासारखे होते. उपचार या अर्थावर करायचा असतो. धडधड म्हणजे मृत्यू नव्हे, हे रुग्णाने स्वतः जिने चढून, मुद्दाम नाडी वाढवून अनुभवायचे. लुईस यांच्या सैनिकांचा व्यायाम इथे वेगळ्या वेषात परत आलेला दिसतो.

आज धडधडीची तक्रार घेऊन गेल्यावर ईसीजीबरोबर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी होणे योग्य, कारण रक्तक्षय आणि थायरॉइड हेही छाती धडधडवतात. चहा, कॉफी, सिगारेट किती, झोप किती, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगावे. धडधडीत शुद्ध हरपणे, श्रम करताना ती सुरू होणे, छातीत दुखणे, पायांना सूज येणे किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून थांबू नये. तपासण्या ठीक निघाल्यावर झटका आला तर श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवावा, हातातले काम शक्य तो चालू ठेवावे, आणि नाडी पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. झटके येतच राहिले तर 'काही नाही' या उत्तरावर परत न जाता मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची वेळ मागावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, १९३३ सारखीच, बाह्यरुग्ण विभागात ती मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. फोन लावल्यावर भाषा निवडता येते. मराठीही आहे, बंगालीही.